कायमचा आदेश हाती येईपर्यंत

उत्तर कोलकात्यात बागबाजारच्या गल्ल्यांमधून जाताना एका नावापाशी मराठी माणूस हमखास थबकतो. मराठा डिच लेन. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं उत्तरेकडचं टोक इथे होतं. मराठे कलकत्त्यावर चालून आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवला गेला आणि त्याच्या रेघेवरून सर्क्युलर रोड निघाला. त्याच रस्त्यावर १९१७ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी आपली संशोधनसंस्था उभी केली. बागबाजारातल्याच बोसपाडा लेनमध्ये १६ क्रमांकाच्या घरात भगिनी निवेदितांनी १८९८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. बोस त्यांच्याकडे येत असत आणि बोस यांच्या पुस्तकांच्या संपादनात निवेदितांचा मोठा हात होता.

बोस यांचं नाव घेतलं की रेडिओलहरी आणि वनस्पतींच्या संवेदना आठवतात. मला मात्र इथे त्यांची नोकरी आठवते. ती कशी लागली, तीन वर्षं कशी लटकली आणि कायम कशी झाली, याचा हिशेब आज सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होणाऱ्या प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा, मग तो शिरूरला रुजू होवो, सावंतवाडीला किंवा थेट कोलकात्याला.

केंब्रिजहून शिकून बोस १८८५ मध्ये परतले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक झाले. बंगालचे शिक्षण संचालक आल्फ्रेड क्रॉफ्ट आणि प्राचार्य चार्ल्स टॉनी या दोघांचाही नेमणुकीला विरोध होता. नेमावं लागलं ते व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्यापर्यंत शब्द गेला होता म्हणून. त्या काळी हिंदी प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार मिळे, आणि नेमणूक हंगामी म्हटल्यावर त्याचाही निम्मा. म्हणजे बरोबरीच्या कामाला एकतृतीयांश दाम. बोस यांनी तो पगार घ्यायचंच नाकारलं. तीन वर्षं एक पैसा न घेता ते शिकवत राहिले. अखेर क्रॉफ्ट आणि टॉनी यांचंच मत पालटलं. नेमणूक मागल्या तारखेपासून कायम झाली, तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला आणि तो वडिलांचं कर्ज फेडण्यात गेला.

ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण जरा तारखा पाहा. बोस यांनी संशोधनाला वाहून घ्यायचं ठरवलं ते १८९४ च्या नोव्हेंबरात, छत्तिसाव्या वाढदिवशी. पहिला महत्त्वाचा निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीत वाचला गेला तो १८९५ मध्ये. म्हणजे नोकरी कायम झाल्यानंतर सहा-सात वर्षांनी. विरोधात बसलेल्या दोन अधिकाऱ्यांना वळवलं ते निबंधांच्या यादीने नाही, वर्गातल्या शिकवण्याने. पगारावर बहिष्कार होता, पण तासावर एक दिवसही नव्हता. आणि याच्या उलट अर्थानेही हे उदाहरण ध्यानात ठेवायला हवं. कायम झाल्यावर सहा वर्षं संशोधनाविना घालवण्याची सवलत आजच्या प्राध्यापकाला नाही. पगार नाकारण्याचा भाग तर अनुकरणातून वगळाच. घरकर्जाचा हप्ता तत्त्वावर थांबत नसतो.

आधी आपल्याकडे कायम होणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. अमेरिकेत ज्याला टेन्युअर म्हणतात त्याची चौकट तिथल्या प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनाने घातली. उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नको, त्यात पारखून घ्या, मग एकतर आजन्म ठेवा किंवा वाट दाखवा. तिकडच्या तरुण प्राध्यापकाच्या सगळ्या चिंता एका निकालाभोवती फिरतात. आपल्याकडे तो एक निकाल दोन वेगवेगळ्या गोष्टींत फुटलेला आहे. पहिली गोष्ट म्हणजे परिवीक्षा, बोलीभाषेत प्रोबेशन. दुसरी म्हणजे कॅस, ही बढतीची योजना, जिला आपल्याकडची कार्यालयं स्थाननिश्चिती म्हणतात. पहिलीत नोकरी टिकते, दुसरीत पुढे सरकते. पहिलीचं परिमाण बहुतांशी शिकवणं, वागणूक आणि कागद यांचं असतं. दुसरीत संशोधन आणि प्रशिक्षण येतं. नवीन माणूस या दोन्हींची गल्लत करतो आणि पहिल्या वर्षात परिषदांची प्रमाणपत्रं गोळा करत हिंडतो, तिकडे दैनंदिनी कोरी राहते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार परिवीक्षा किमान एक वर्षाची असते. काम असमाधानकारक वाटलं तर ती आणखी एकाच वर्षाने वाढवता येते, आणि तसा वेगळा आदेश पहिलं वर्ष संपण्याआधी निघावा लागतो. परिवीक्षा पूर्ण झाल्यावर ४५ दिवसांच्या आत कायम केल्याचा आदेश देणं संस्थेवर बंधनकारक आहे. पण राज्याचे परिनियम, विद्यापीठाचे नियम आणि तुमचं नेमणूकपत्र यांत मुदत वेगळी लिहिलेली असू शकते. म्हणून नेमणूकपत्र घरी नेऊन सावकाश वाचा. बहुतेक जण ते हातात घेतात, पगाराचा आकडा बघतात, देवापुढे ठेवतात आणि मग थेट अडचण आली की शोधतात.

आता जरा कटू भाग. तुमचं काम कितीही चांगलं असलं तरी जागाच पक्की नसेल तर तुम्ही पक्के होणार नाही. जागा मंजूर आहे का, बिंदुनामावली तपासून जाहिरात निघाली होती का, निवड समिती नियमाप्रमाणे बसली होती का, आरक्षित जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र दाखल झालं का, आणि विद्यापीठाची वैयक्तिक मान्यता आली का, ही साखळी आहे. यातला एखादा दुवा गळला तर तो चौथ्या-पाचव्या वर्षी, स्थाननिश्चितीच्या वेळी सहसंचालकांच्या कार्यालयात सापडतो, आणि तेव्हा प्राचार्य बदललेले असतात, मुख्य लिपिक निवृत्त झालेले असतात. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच कार्यालयात बसून या सगळ्याच्या प्रती मागून घ्या. मागताना संशयाचा सूर नको. ‘सर, माझ्या फायलीसाठी एक प्रत हवी होती’ एवढं पुरतं. जाहिरातीचं कात्रणसुद्धा ठेवा, वर्तमानपत्राच्या नावासह आणि तारखेसह.

पश्चिम बंगालची वाट थोडी वेगळी आहे. तिथे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांसाठी कॉलेज सर्व्हिस कमिशन उमेदवारांची शिफारस करतं आणि महाविद्यालयाचं नियामक मंडळ नेमणूक देतं. मराठी तरुण मात्र कोलकात्याच्या परिसरात जातात ते बहुधा केंद्राच्या संस्थांत, म्हणजे बरानगरची भारतीय सांख्यिकी संस्था, मोहनपूरचं आयसर, खरगपूरचं आयआयटी. तिथले नियम ज्या-त्या संस्थेचे. आयआयटीत तर नवख्या सहायक प्राध्यापकाला आधी करारावर घेण्याचीही पद्धत आहे. तिथे पहिल्या दिवसापासून संशोधनाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि या लेखातला शिकवण्याला पहिलं स्थान देण्याचा सल्ला तितका सरळ लागू होत नाही.

फायलीबद्दल थोडं सविस्तर, कारण पुढची अर्धी लढाई तिथेच होते. वार्षिक मूल्यमापनात शिकवण्याची श्रेणी सरळ टक्केवारीवर ठरते. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० मध्ये ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष शिकवण्याचा भार आठवड्याला १६ तासांचा, आणि अध्यापनाचे आठवडे वर्षाला ३०. म्हणजे ४८० तास. त्यातले ३८४ झाले तर चांगले, ३३६ च्या खाली गेले तर पंचाईत. हा आकडा मोठा वाटत नाही. पण निवडणुकीचं काम, परीक्षांचं पर्यवेक्षण, गॅदरिंग, अतिवृष्टीची सुट्टी, प्रवेशाचा लांबलेला घोळ असं करत सत्रातले आठवडे गळतात. म्हणून दैनंदिनी रोजच्या रोज लिहा. कोणता वर्ग, कोणता घटक, किती विद्यार्थी, आणि तास झाला नसेल तर का. ‘विद्यापीठ परीक्षेसाठी वर्ग उपलब्ध नव्हता’ ही ओळ त्याच दिवशी लिहिली तर पुरावा ठरते, वर्षाअखेर लिहिली तर सबब. आठवड्याला विभागप्रमुखांची सही घ्या. काही विभागप्रमुख वर्षाची दैनंदिनी एका बैठकीत सही करून देतात, तेही प्रेमाने. त्या प्रेमात पडू नका.

स्त्री सहकाऱ्यांसाठी एक तरतूद मुद्दाम सांगतो, कारण ती पुष्कळ कार्यालयांना ठाऊक नसते किंवा आठवत नाही. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, वैद्यकीय रजा, अभ्यासरजा असा काळ मूल्यमापनातून वगळायचा आणि उरलेल्या काळातल्या कामावरून पूर्ण काळाची श्रेणी ठरवायची, असं नियमावलीतच आहे. रजेमुळे तास कमी भरले म्हणून श्रेणी कमी करता येत नाही. रजेचा मंजुरी आदेश फायलीत ठेवा आणि मूल्यमापनाच्या अर्जात त्याचा उल्लेख स्वतःच करा. दुसरं कुणी करणार नाही.

प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ. बागबाजारजवळ रामकांत बोस स्ट्रीटवर एकाच वास्तूत तीन महाविद्यालयं भरतात. सकाळी मुलींचं महाराणी काशीश्वरी, दिवसा महाराजा मणींद्रचंद्र, संध्याकाळी महाराजा श्रीशचंद्र. अशा ठिकाणी ‘माझा वर्ग, माझी खोली’ ही चैन नसते. तास संपला की फळा पुसून बाहेर, पुढचे लोक दाराशी उभे. आपल्याकडेही वरिष्ठ महाविद्यालय आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत दोन पाळ्यांत चालतात. तिथे नव्या माणसाने शिकायची पहिली गोष्ट म्हणजे पंचेचाळीस मिनिटांत एकच गोष्ट नीट सांगणं. पीएच.डी. नुकतीच झालेली असते, डोकं भरलेलं असतं, आणि आपण पहिल्या वर्षाच्या मुलांवर प्रबंधाचं दुसरं प्रकरण ओततो. मुलं मान डोलावतात. मान डोलावणं ही मराठी आणि बंगाली विद्यार्थ्यांची समान कला आहे.

पहिल्या पंधरवड्यात वर्गात कोण बसलंय ते शोधा. कितीजण मराठी माध्यमातून आले, कितीजण सकाळी दूध घालून किंवा दुकान उघडून येतात, कितीजणांची एसटी तीनला सुटते. त्यावर तुमचं शिकवणं ठरेल. टिपणं दोन्ही भाषांत द्या. दर तीन आठवड्यांनी एक छोटी लेखी चाचणी घ्या आणि ती तपासून आठवड्यात परत द्या. तपासलेला पेपर वेळेवर परत देणारा मास्तर अशी ख्याती झाली की निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. बोस वर्गात प्रयोग करून दाखवत, आणि सोयी नव्हत्या म्हणून ते थांबले नाहीत. पुढे संशोधनाची उपकरणंही त्यांनी स्थानिक टिनकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून करवून घेतली. इतिहासाच्या शिक्षकाला तालुक्याच्या ठिकाणी सातबारा आणि जुना दस्त मिळतो, अर्थशास्त्राच्या शिक्षकाला बाजार समितीचे रोजचे भाव मिळतात. साधनं नाहीत ही तक्रार खरी असते, पण तिच्यावर दोन वर्षं काढता येत नाहीत.

एक गोष्ट फार थोडे लोक करतात. सत्राच्या मध्यावर एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसायला बोलवा. संकोच वाटेल. पण पुढे तुमच्याबद्दल कुणी प्राचार्यांकडे काही कुजबुजलं, तर ‘मी स्वतः त्यांचा तास ऐकलाय’ असं म्हणणारा एक माणूस संस्थेत असतो. विद्यार्थ्यांचे अभिप्राय अर्ज आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाकडे, जातातच. त्यांची वाट न पाहता तुमचे तुम्ही एकदा निनावी अभिप्राय घ्या आणि कागद जपून ठेवा, वाईट अभिप्रायासकट.

आता समित्या. नवा प्राध्यापक म्हणजे संस्थेला मिळालेला गोंधळाच्या घरचा पाहुणा, जो दिसेल त्याने त्याच्या हातात काहीतरी द्यायचं. संकेतस्थळ, नॅकची फाइल, स्नेहसंमेलन, वार्षिक अंक, रासेयो, माजी विद्यार्थी मेळावा. तरुण आहेत, संगणक येतो, लग्न झालेलं नाही, ही तीन कारणं पुरतात. यात नियमावली तुमच्या बाजूने आहे, ती वाचा. शिकवण्याशिवायच्या कामांचे सात प्रकार तिने दिलेत आणि वर्षात त्यांपैकी तीन केले की श्रेणी ‘चांगले’. एक-दोन केले तर ‘समाधानकारक’. सात करणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही. शिवाय त्या सातांत परीक्षेचं काम आहे, विद्यार्थ्यांचे उपक्रम आणि विस्तारकार्य आहे, आणि मान्य नियतकालिकातला एखादा शोधनिबंधही आहे. परीक्षेचं काम तुम्हाला टळत नाहीच. त्याला मनापासून आवडणारा एक उपक्रम जोडा आणि वर्षाला एक निबंध लिहा. तिन्ही झाले.

नाही म्हणायची पद्धत मात्र शिकावी लागते. तोंडावर ‘जमणार नाही’ म्हटलं की माणूस आळशी ठरतो. ‘सर, परीक्षा विभाग आणि रासेयो माझ्याकडे आहे. हेही घेतो, पण मग त्यातलं कोणतं कुणाकडे द्यायचं ते तुम्ही सांगा’ असं विचारलं की काम दिलेल्या माणसालाच विचार करावा लागतो. आणि जे घ्याल त्याचा कार्यालयीन आदेश मागा. तोंडी सोपवलेलं काम फायलीत दिसत नाही, आणि कार्यक्रमाच्या छायाचित्रात तुम्ही नेहमी कॅमेऱ्यामागे असता.

शिक्षकांच्या खोलीबद्दल पुस्तकं काही सांगत नाहीत. बंगालात अड्डा ही गंभीर बाब आहे. ज्येष्ठांना नावापुढे ‘दा’ आणि ‘दी’ लावून हाक मारतात, मातीच्या भांड्यातल्या चहावर राजकारण आणि फुटबॉल चालतं, आणि त्यातच कोणत्या पदाचा प्रस्ताव कुठे अडलाय हेही कळतं. मराठी माणूस तिथे गेला तर पहिल्या सहा महिन्यांत बोलण्यापुरतं बंगाली शिकलेलं बरं. व्याख्यान इंग्रजीत चालेल, अड्डा चालत नाही. आपल्याकडे सर-मॅडमचा व्यवहार जास्त औपचारिक, पण माहितीचा झरा तोच. तिथे बसा, ऐका, आणि गटबाजीत पहिलं वर्ष तरी कुणाच्या नावाची टोपी घालू नका. संघटनेचं सभासद होणं ही वेगळी गोष्ट आहे, ते जरूर व्हा. सातव्या वेतन आयोगाच्या शासन निर्णयाचा अर्थ संघटनेच्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला जितका कळतो तितका तो लिहिणाऱ्यालाही कळत नसावा.

संशोधन पहिल्या वर्षी थोडंच करा, पण थांबवू नका. प्रबंधातून एक निबंध काढा, एकच, आणि तो नीट नियतकालिकाकडे पाठवा. इथे सध्या वाट निसरडी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी, जिच्या उभारणीत पुणे विद्यापीठाचा मोठा वाटा होता, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचं आयोगाने जाहीर केलं. आता नियतकालिकाची पारख संस्थांनी स्वतः करायची, आयोगाने सूचक निकष तेवढे दिलेत. यादी होती तेव्हाही तिच्या नावाने फसवणारे होते, आता तर त्यांना रान मोकळं आहे. ‘तीन दिवसांत स्वीकृती, अडीच हजार रुपये’ असा निरोप मोबाइलवर आला की तो पुसून टाका. मागच्या दोन वर्षांचे अंक पाहा, संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून खरंच तिथे आहात का ते विचारा, आणि तुमच्या विषयातले तुम्ही ज्यांना मानता ते लोक तिथे लिहितात का ते पाहा. निबंध ज्या वर्षी छापला त्या वर्षी नियतकालिकाचा दर्जा काय होता, याचा पुरावा त्याच दिवशी छापून फायलीत लावा.

आणि एक वाचक मिळवा. बोस यांची १९०२, १९०६ आणि १९०७ मधली पुस्तकं आज वाचताना त्यांच्या गद्याची घडी लक्षात येते, तिच्यामागे निवेदितांची मेहनत आहे. त्या भौतिकशास्त्राच्या नव्हत्या, वनस्पतिशास्त्राच्याही नव्हत्या. म्हणूनच उपयोगी पडल्या. जिथे त्यांना समजेना तिथे वाक्यच बिघडलेलं असणार. तुमचा निबंध तुमच्या विषयाबाहेरच्या एका जाणत्या माणसाला दाखवा. तो फुकट वाचेल, बदल्यात तुम्ही त्याचा वाचा. मार्गदर्शकाकडे मसुदा चार महिने पडून राहण्यापेक्षा हे बरं.

नकार येतील. १९०१ मध्ये बोस यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेला निबंध तिने छापायचा रोखून धरला, कारण भौतिकशास्त्रज्ञाने शरीरक्रियाशास्त्रात पाय टाकलेला तिथल्या जाणकारांना रुचला नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी आपलं काम लिनियन सोसायटीकडे नेलं. तिथे ते छापलं गेलं. १९२० मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. नकाराचं पत्र आलं की आठवडाभर कपाटात ठेवा, मग परीक्षकाचे जे मुद्दे बरोबर असतील तेवढे दुरुस्त करा आणि दुसरीकडे पाठवा. जे बरोबर नाहीत त्यांवर कुणाशी भांडत बसू नका.

परिवीक्षा संपायला तीन महिने उरले की कायम करण्याचा विनंतीअर्ज द्या. संस्था आपण होऊन करेल या भरवशावर राहू नका, आणि मुदत उलटून गेली, कुणी काही बोललं नाही, म्हणजे आपण कायम झालो असंही धरू नका. मौनाचा अर्थ नियमांच्या शब्दांवर ठरतो आणि तो ठरवायला न्यायालयं लागतात. अर्जाला दैनंदिनीचा गोषवारा, निकाल, अभिप्राय, समित्यांचे आदेश, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं जोडा. आवकजावक क्रमांकाची पोच घ्या. नवख्यांसाठीचा महिनाभराचा गुरु-दक्षता कार्यक्रम, जो आता मालवीय मिशनच्या केंद्रांतून चालतो, तो पहिल्याच वर्षी उरकला तर पुढच्या स्थाननिश्चितीलाही चालतो. संस्था सोडायला नाखूश असते. उन्हाळ्याची तुकडी मागा.

परिवीक्षा वाढवल्याचा आदेश आला तर घाबरून स्टाफरूममध्ये चर्चा करू नका. आदेशात कारण काय दिलंय ते पाहा आणि नम्रपणे, मुद्देसूद, लेखी उत्तर द्या. कारण दिलेलंच नसेल तर तेही लेखी विचारा. परिवीक्षेतल्या माणसाला काम असमाधानकारक म्हणून सेवेतून कमी करण्याचा अधिकार संस्थेला असतो, पण असमाधानाच्या नावाखाली एखाद्या आरोपाची शिक्षा दिली जात असेल तर बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात स्पष्ट केलं. महाराष्ट्रात विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे, न्यायाधिकरण आहे, आणि दाद मागायची मुदत थोडी असते. वकिलाकडे जायचंच तर लवकर जा. बहुतेक वेळा मात्र प्रकरण प्राचार्यांच्या खोलीत चहावर मिटतं, जर कागद तुमच्या बाजूचे असतील तर.

तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांना हे सगळं वाचून हसू येईल, आणि त्यांचं हसू रास्त आहे. ज्यांची नेमणूकच दरवर्षी जूनमध्ये नव्याने होते त्यांना कायमचा आदेश कसला. हा रोग जुना आहे. रा. गो. भांडारकरांसारख्या विद्वानाने एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचं प्राध्यापकपद हंगामी म्हणून सांभाळलं आणि कायम नेमणूक झाली ती परदेशातून आलेल्या पीटर पीटरसन यांची. भांडारकरांना पुढे डेक्कन कॉलेजात जागा मिळाली. त्यांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर यांना मात्र १९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जींनी थेट कलकत्ता विद्यापीठाच्या कार्मायकेल प्राध्यापकपदावर बोलावून घेतलं. तासिकेवरच्या मंडळींनी एक लक्षात ठेवावं. २०१८ च्या नियमांनुसार आधीची हंगामी किंवा कंत्राटी सेवा पुढे धरली जाऊ शकते, पण अटी आहेत. तेव्हा तुमच्याकडे पदासाठीची पात्रता असावी, रीतसर निवड समितीने तुमची निवड केलेली असावी, आणि तुमचं एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावं. या तिसऱ्या अटीत बहुतेक जण बाद होतात. तरी नेमणुकीचे आदेश, निवड समितीचं इतिवृत्त आणि पगाराच्या पावत्या फेकू नका. नेट किंवा सेट राहिलं असेल तर आधी ते. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. अनिवार्य करण्याचा निर्णय आयोगाने २०२३ मध्ये मागे घेतला, त्यामुळे दार नेट-सेटच उघडतं. नोकरीत राहून, रजा न घेता पीएच.डी. केली तर तो काळ अध्यापनाच्या अनुभवातही धरला जातो. स्थाननिश्चितीला पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी दहाव्या स्तरावरून अकराव्यावर, म्हणजे ५७,७०० च्या मूळ वेतनावरून ६८,९०० च्या रांगेत जाता येतं. नसेल तर सहा वर्षं.

२०२५ च्या जानेवारीत आयोगाने नेमणूक आणि बढतीच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. नियम बदलतात तेव्हा कोणत्या तारखेला तुम्ही पात्र झालात यावरून जुने लागू की नवे हे ठरतं. म्हणून कायम केल्याचा आदेश मिळाला की दोन कामं त्याच आठवड्यात करा. एक, आदेशाची नोंद सेवापुस्तकात झाली का ते स्वतः उघडून पाहा, सही आणि शिक्क्यासह. दोन, रुजू झाल्याच्या तारखेत चार किंवा सहा वर्षं मिळवून येणारी तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या तीन महिने आधी स्थाननिश्चितीचा प्रस्ताव कार्यालयात द्या. प्रस्तावाच्या तीन प्रती लागतात असं सांगतील. चार काढा.